शिंपल्यातली मेंढी

माझी नात मुलुंडला माझ्याकडे राहते आणि अंधेरीच्या एका लॅबमध्ये शिंपल्यांचा डिंक तपासते. समुद्रातले शिंपले खडकाला ज्याने चिकटून बसतात ना, तोच. लाटा आपटल्या तरी सुटत नाही म्हणे. आम्ही आयुष्यभर शिंपल्यांचं सुकं केलं, डिंकाकडे कोण बघतंय. पण हिला त्यातलं प्रोटीन कसं जोडलंय ते शोधायचंय.

ती रीत तिने मला मेथी निवडता निवडता सांगितली. प्रोटीन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ, फक्त डोळ्यांना न दिसणारी. ती तोडायची आणि तुकडे मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या मशिनमध्ये घालायचे. मशिन तुकड्यांची वजनं सांगतं. त्यावरून कुठल्या मण्याशेजारी कुठला मणी होता ते जुळवायचं. इतपत मला समजलं.

एकदा ती म्हणाली, लॅबमधल्या एसीने बोटं आखडतात. झालं, मी सुया काढल्या. मुंबईत स्वेटर विणायची संधी कोण देतं हो? घाटकोपरहून अस्सल लोकर आणली आणि निळा, गुबगुबीत स्वेटर विणला. ती तो एप्रनच्या आत घालायची. बाह्या मी जरा लांब केल्या होत्या, त्या एप्रनबाहेर यायच्या.

मग एका संध्याकाळी ती घरी आली ती थेट सोफ्यावर बसली.

"आजी, हा स्वेटर कशाचा आहे?"

"शुद्ध लोकर. मेंढीची. भेसळ नाही," मी ऐटीत सांगितलं.

"मशिनही तेच म्हणतंय."

डिंकाच्या नमुन्यात मेंढीच्या केसांचं प्रोटीन निघालं होतं. बाह्यांचे तंतू नमुन्यात पडले होते, आणि ते इतके की शिंपला त्यात दिसेना.

"अगं, पण मी तो धुऊन दिला होता."

"धुतल्याने मेंढी जात नाही, आजी."

तिच्याकडे आता एका नळीत थेंबभर डिंक उरला होता. तोही बिघडला तर पुन्हा खडक खरवडायचे, अख्खं वर्ष पाण्यात. त्यात तिच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या होत्या, शोधनिबंध शिंपल्यावर आहे ना, की विषय बदललास?

मला हसूही येईना. मी विचारलं, "मग थंडीत घालणार काय तू?"

"सुती काहीतरी. सुतात प्रोटीन नसतं, मशिनला त्याचं काही पडलेलं नाही."

सुती म्हटल्यावर मी कपाट उघडलं. आमच्या सोसायटीत बायका सकाळी दूध घ्यायला खाली उतरतात त्या गाऊनमध्येच, तेव्हा गाऊनला काय तोटा.

"आजी, मी लॅबमध्ये गाऊन घालून जाऊ?"

"दोन घाल. एकावर एक. वरून एप्रन आहेच की."

कुरकुरत का होईना, पिशवीत घालून घेऊन गेली. तिथे जीन्सवर दोन गाऊन चढवले, वर एप्रन. मॅडमनी खालची जांभळी फुलं पाहिली आणि दार लावून घेतलं म्हणे.

त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं. फोन मांडीवरच. दुपारी तो वाजला.

"आजी, शिंपला आलाय. अख्खी माळ जुळतेय. मेंढी गेली."

"बरं झालं बाई. दुसरं कोणी नाही ना त्यात?"

"एक माणूस आहे थोडासा."

"कोण गं?"

"मीच असणार. कातडी झडते ना आपली. तेवढं चालतं."