हजेरीचा पुरावा

बोलायच्या आधी तो गळ्यातलं ओळखपत्र उलटं करायचा. नाव आणि फोटो छातीकडे, कोरी बाजू जगाकडे. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणायचा, "माझं नाव कुठं घेऊ नको बे."

नाव घेत नाही. पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही, कारण असा एक मुलगा तुमच्याही वर्गात असणार. शेवटून दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या बाजूला. तुम्ही त्याला हसला असाल. आम्हीही हसायचो.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज बीडच्या बाहेर, हायवेला. विद्यापीठ मात्र खूप मोठं आणि खूप लांब. कितीतरी जिल्ह्यांतली कॉलेजं त्याला जोडलेली, पण आमच्यापैकी कुणी त्याचं फाटकसुद्धा पाहिलं नव्हतं. आमच्यासाठी विद्यापीठ म्हणजे निकालाच्या दिवशी न उघडणारी वेबसाइट. तो मेकॅनिकलला, मी कॉम्प्युटरला. हॉस्टेलची खोली एक. मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचो आणि वाटायचो. पत्रकांचा गठ्ठा खोलीत आला की तो त्यावर आपला टॉवेल टाकायचा.

"झाकतो कावून बे? लोकांनी वाचावं म्हणून छापलंय."

"लोकांनी वाचावं. सरांनी कावून वाचावं?"

त्याची सगळी भीती एका शब्दात होती: इंटर्नल. म्हणजे कॉलेजच्या मास्तरांच्या हातातले गुण. लेखी पेपर कुठंतरी लांबचा अनोळखी माणूस तपासतो. इंटर्नल देणाऱ्याला मात्र तुमचं तोंड, तुमचं गाव, काल तुम्ही नमस्कार केला की नाही, सगळं माहीत असतं. याला ते मूल्यमापन म्हणतात. मी याला दावं म्हणतो. एक टोक पोराच्या गळ्यात, दुसरं केबिनमध्ये.

भिऊन भिऊन तो या विषयातला जाणकार झाला होता. फायलींवर सह्या घ्यायच्या दिवसांत अख्खा वर्ग त्याला विभागप्रमुखांच्या केबिनकडे पिटाळायचा. तो खिडकीतून एक नजर टाकून यायचा आणि हवामान सांगायचा. "आज नका जाऊ. सरांनी चहा अर्धा सोडलाय." किंवा, "जावा, जावा. सर नातवाचा व्हिडिओ बघतेत." अंदाज चुकत नसे. एका पोराने एकदा ऐकलं नाही. तो बाहेर आला तेव्हा फायलीची पानं एका हातात होती, पुठ्ठा दुसऱ्या हातात.

मग सातव्या सत्राचा निकाल लागला आणि मेकॅनिकलचा वर्ग तोंडी परीक्षेला गैरहजर निघाला. एक-दोन पोरं नाहीत, सगळा वर्ग. झालं होतं एवढंच की कॉलेजने त्या परीक्षेचे गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर भरलेच नव्हते. मुदत निघून गेली. विद्यापीठाला कोरी जागा दिसली, त्यांनी तिथं गैरहजर टाकलं. चूक कॉलेजची, आणि ती झाकायला कॉलेजने काय करावं? पोरांकडूनच लिहून मागितलं: मी वैयक्तिक कारणाने गैरहजर होतो, मला एक संधी द्यावी. सही केली तर परत परीक्षा होऊन वर्ष वाचणार. नाही केली तर वर्ष गेलं.

माझं डोकं फिरलं. पत्रक लिहायला बसलो आणि त्याला म्हणालो, "तू सही करायची नाही."

तो पलंगावर पाय वर घेऊन बसला होता. त्याच्या वडिलांचं, अण्णांचं, गावाकडं किराणा दुकान. "तुझं बरंय बे. तुझं इंटर्नल त्यांच्याकडं न्हाई. माझं वर्ष गेलं की अण्णा म्हणतेल, बास झालं, ये दुकानावर. मग संपलंच की माझं."

"तू परीक्षेला हजर होतास का नव्हतास?"

"होतो ना," तो कसनुसा हसला. "लई हजर होतो."

पत्रक निघालं, दोन पालकही ओरडले, आणि विद्यापीठाचे एक अधिकारी चौकशीला आले. वर्गाला हॉलमध्ये बसवलं. विभागप्रमुख अधिकाऱ्यांशेजारच्या खुर्चीत. मी दुसऱ्या शाखेचा म्हणून दारातच अडवलेला.

"परीक्षा झाली होती असं कुणाचं म्हणणं आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

माझ्या मोर्च्यात पुढे राहून घोषणा देणारी पोरं आपापल्या चपलांकडे बघत होती.

आणि तो उभा राहिला. शौर्य वगैरे समजू नका. मी नंतर विचारलं तर म्हणाला, "सरांनी माझ्याकडं बघितलं बे. मला वाटलं, ऊठ म्हणतेत." उभ्या कॉलेजजीवनात त्याचा अंदाज चुकला तो एवढाच.

"झाली होती, सर," तो म्हणाला. बोलायच्या आधी ओळखपत्र उलटं करून झालं होतं.

"काही पुरावा?"

"मी ओकलो होतो."

हा किस्सा सगळ्या कॉलेजला माहीत होता, तुम्हालाच मी उशिरा सांगतोय. त्या तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला त्याच्या पोटातलं सगळं बाहेर आलं होतं.

"कुठं ओकलात?"

"टेबलावर, सर. आन् थोडं आमच्या सरांच्या..."

"थोडं?" विभागप्रमुख उसळले. "दोन्ही बूट टाकून द्यावे लागले मला!"

हॉल हशाने फुटला. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी विभागप्रमुखांकडे वळून शांतपणे विचारलं, "म्हणजे परीक्षेला तुम्ही समोर होतात तर."

सगळ्या वर्गाला गुण मिळाले. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो वरून कळवळून ओरडत होता, "खाली ठेवा बे! सर बघतेत!"

सर बघतच होते. शेवटच्या सत्रात विभागप्रमुखांनी आपल्या विषयात त्याला इंटर्नलला नापास केलं. फक्त त्याला. सत्र पुन्हा करायचं म्हणजे पुन्हा त्याच केबिनसमोर उभं राहायचं. मी म्हणालो, उपोषणाला बसतो. त्याने माझा हात धरला. "पाया पडतो तुझ्या. न्हाई म्हणजे न्हाई." दुसऱ्या दिवशी मी क्लासवरून आलो तर त्याचा पलंग रिकामा. गादीसुद्धा गुंडाळून नेलेली.

काही महिन्यांनी मी शिरूर कासारला त्याच्या दुकानात गेलो. ऊसतोडीला निघालेल्या माणसांची खरेदीची गर्दी होती. तो साखर जोखत होता. अण्णांनी मला स्टूल दिलं, पाणी दिलं.

"तुमी याच्याच कॉलेजातले ना? मग सांगा बरं, याचा शेवटचा निकाल कवा लागणार? पोरगं कधीचं वाट बघत बसलंय."

त्याचा हात साखरेच्या पोत्यातच थांबला. तो माझ्याकडे बघत होता. प्राचार्यांना भर सभेत खोटारडे म्हणणारा मी; आधी हातातलं पाणी संपवलं.

"विद्यापीठ लई मोठं हाय, अण्णा," मी म्हणालो. "उशीर लागतो."

"लागू द्या. इंजिनिअर झालाय, तेवढं बास."

तो मला जीपपर्यंत सोडायला आला. मी खिडकीशी बसलो. त्याने बाहेरून खिडकीची दांडी धरली.

"पुन्हा येताना आधी फोन कर. एकदम असा येऊ नको."

"बरं."

"कुणाला बोलणार न्हाईस ना बे?"

"नाही."

जीप हलली. त्याने दांडी सोडली नाही. ड्रायव्हर ओरडला, "सोड की बे, हात जाईल!" तरी तो धावत राहिला, माझ्या तोंडाकडे बघत.