दोन बोटं खोबरेल

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे घरात कशाचाही प्रश्न आला की अब्बा म्हणायचे, "त्याला इचार, तो शिकलेला हाय." औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, पंखा उलटा का फिरतो, युद्ध होणार की नाही, सगळं मलाच विचारायचे. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. जे झालं ते या बरं वाटण्यातून झालं असं मला आता वाटतं. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

मी रत्नागिरीत बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. अब्बा जेद्द्यात एका इस्पितळाच्या मेंटेनन्स विभागात सुतार होते आणि इस्पितळाने त्यांना दोन खोल्या दिल्या होत्या. मी दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे आणि मायकडे गेलो. इराकच्या हाती कुवेत पडून तेव्हा तीन महिने झाले होते. परतीच्या विमानात जागाच मिळेना, सगळं मुंबईकडे पळत होतं. मी फिजिक्सचं पुस्तक बरोबर नेलं होतं, तेच वाचत बसलो. माझं वर्ष बुडणार हे डिसेंबरपर्यंत स्पष्ट झालं होतं, पण घरात तसं कुणी बोलत नव्हतं.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांजवळ एक पत्र्याची खोली होती. तिच्यात एक म्हातारे गृहस्थ राहायचे. सगळे त्यांना हाजी म्हणत, आम्हीही हाजीच म्हणायचो. ते मूळचे आफ्रिकेतल्या गिनी देशाचे. अकरा वर्षांपूर्वी हजला आले आणि परत गेलेच नाहीत. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना नाही, जामीन राहणारा कफील नाही, कागद म्हणून काहीच नाही. टाक्या साफ ठेवायच्या, जिने पुसायचे, त्याबदल्यात चौकीदार त्यांना राहू द्यायचा. ते सहसा रस्त्यावर उतरत नसत. पलीकडच्या मशिदीत आणि कोपऱ्यावरच्या खाटकाकडे, एवढंच त्यांचं जेद्दा.

अब्बांची आणि त्यांची दोस्ती लाकडावरून झाली. इस्पितळाच्या आवारात गाड्यांसाठी जागा करताना कडुनिंबाची सहा झाडं तोडली. अब्बांनी ओंडके मागून घेतले आणि गच्चीवर नेऊन टाकले. कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. लाकूड फुकट जाताना त्यांना बघवत नाही. हाजींनी एका ओंडक्याभोवती दोनदा फेरी मारली, टिचकी मारली आणि हाताने हवेत एक आकार काढला. वर परातीसारखं रुंद तोंड, मध्ये कंबर, खाली नळी. त्यांच्या मुलखातला ढोल, जेंबे. एकाच लाकडातून कोरायचा, वर बकऱ्याचं कातडं ताणायचं, दोरीने कसायचं आणि हाताने वाजवायचा.

अब्बांच्या वडिलांनी आयुष्यभर एका लाकडाच्या होड्या कोरल्या होत्या. सुताराच्या वाकसाने लाकूड आतून पोखरत जाणं अब्बांच्या हातात होतंच. त्यांनी पहिला ढोल कोरला तेव्हा हाजी आत हात घालून म्हणाले, "हा तर पाण्यात सोडण्यासारखा झालाय."

"मग बसून जा गिनीला," अब्बा म्हणाले.

दर शुक्रवारी नमाज झाल्यावर दोघं गच्चीवर बसायचे आणि मोडक्या अरबीत बोलायचे. कोरणं अब्बांचं, कातडं आणि दोरी हाजींची. दोन वर्षांत पाच ढोल झाले आणि पाचही विकले गेले, सगळे इस्पितळातल्या परदेशी नर्सना. तो धंदा नव्हता. मिळेल त्यातून पुढची दोरी यायची, लोखंडी कडी यायची, बाकी खजूर आणि चहा. विकायचं काम अब्बांचं, कारण हाजींनी कुठे तोंड दाखवायची सोय नव्हती. ढोल नेताना चादरीत गुंडाळून न्यावा लागे. इस्पितळाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने एकदा विचारलं, हे काय? अब्बा म्हणाले, "कुंडी हाय. झाडाची."

"बिनबुडाची कुंडी?"

"म्हणून तर स्वस्तात मिळाली."

वर येऊन त्यांनी हे सांगितल्यावर हाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मायला मात्र हे सगळं पसंत नव्हतं. ती म्हणायची, "मक्का इथनं तासाभरावर, आणि तुम्ही ढोल बडवताय." अब्बा म्हणायचे, "ढोल कसला, तांदळाचा डबा हाय लाकडाचा. वरनं झाकण लावलंय." पण हाजींची भाकरी तीच भाजायची, आणि त्यांनी नको म्हटलं तर रागवायची.

मी आलो तेव्हा सहावा ढोल कोरून झाला होता. तो एका नर्सने आधीच सांगून ठेवला होता. तिच्या देशाच्या वकिलातीने सगळ्यांना निघायला सांगितलं होतं आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिचं विमान होतं. आम्ही डिसेंबरच्या शेवटी कातडं चढवलं. म्हणजे हाजींनी चढवलं, मी दोरी ओढली. ओलं कातडं कड्यांमध्ये बसवून, दोरीच्या वेण्या घालून ते ताणायचं, मग अर्ध्या ब्लेडने केस काढायचे. केस काढताना हाजी श्वाससुद्धा जपून घ्यायचे. काम झालं की त्यांचा एकच नियम होता. तीन दिवस कुणी हात लावायचा नाही. ना वाजवायला, ना बघायला.

त्याच आठवड्यात आमच्या वस्तीत कागद तपासायला पोलीस येऊ लागले. युद्ध तोंडावर होतं आणि दर नाक्यावर चौकशी चालू होती. चौकीदाराने हाजींना सांगितलं, दोन दिवस खोलीबाहेर येऊ नका, आणि गच्चीवर काही ठेवू नका. म्हणून अब्बांनी ढोल खाली आमच्या खोलीत आणून माझ्या खाटेजवळ ठेवला.

आमच्या खोलीत एसी सतत चालू असे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाचत होतो आणि ढोलातून बारीक आवाज आला. टक. थोड्या वेळाने परत टक. कातडं पांढरंफटक पडलं होतं आणि कडेला ताणून चकचकत होतं. मला वाटलं, आता हे फाटणार. आमच्याकडे उन्हाळ्यात होडी ओढून वर घेतली की लाकूड तडकू नये म्हणून तेल चोपडतात. वहाणा तेलात भिजवून ठेवतात. चामडं सुकलं की तेल द्यायचं, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. शिवाय मी शिकलेला. ध्वनीचा धडा नुकताच वाचून झाला होता. ताण वाढला की कंप वाढतो, ताण फार झाला की वस्तू तुटते, असं मी मनात मांडलंसुद्धा.

अब्बा कामावर होते. हाजी वर खोलीत कडी लावून बसले होते. मायने गावाहून आणलेल्या खोबरेलाची बाटली घेतली आणि दोन बोटं तेल मी कातड्यावर चोळलं. कातड्याने ते लगेच पिऊन टाकलं. मग मी आणखी दोन बोटं चोळलं. आवाज थांबला. मला फार समाधान वाटलं.

चौथ्या दिवशी सगळं निवळल्यावर हाजी खाली आले आणि त्यांनी ढोल वाजवून पाहिला. आवाज ठीक होता, थोडा जड वाटला. ते म्हणाले, उन्हात मोकळा होईल. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आवाज तर ठीक होता, मग कशाला, असं मला वाटलं. ढोल नर्सकडे गेला.

आठवड्याच्या आत तो परत आला. नर्सने अब्बांना इस्पितळाच्या व्हरांड्यात गाठलं होतं. ती रागावलेली नव्हती, ओशाळली होती. म्हणाली, माझंच काही चुकलं असेल, पण हा बोलतच नाही. तिचं विमान शनिवारी होतं.

हाजींनी ढोल दोन गुडघ्यांत धरला आणि मध्यावर हात मारला. उशीवर मारावा तसा आवाज आला. त्यांनी कडेला मारलं, तिथेही तेच. मग ढोल उचलून उजेडासमोर धरला. कातड्यावर पिवळट, आरपार दिसणारे डाग पसरले होते. त्यांनी बोट घासून बोट हुंगलं. पण त्यांना काहीच कळलं नाही. आमच्या घरात सगळ्यालाच खोबरेलाचा वास यायचा. तेच मागे मायला म्हणाले होते, "बहिणी, तुझ्या घरचं पाणीसुद्धा नारळाचं लागतं."

"चरबी," हाजी म्हणाले. "जनावर चरबीचं होतं. तेलकट कातडं मुकं होतं. मला दिसलं नाही."

"होतं असं कधी कधी," अब्बा म्हणाले.

"मला नाही होत. माझ्या बापाला नाही झालं." त्यांनी ढोल खाली ठेवला आणि बराच वेळ स्वतःच्या डोळ्यांवरून हात फिरवत बसले. "डोळे गेले माझे. खलास."

कातडं बदलायला दुसरं कातडं हवं होतं. कोपऱ्यावरचा खाटीक येमेनचा होता. युद्धाच्या गडबडीत येमेनी लोकांना परत जावं लागलं तसा तोही दुकान बंद करून गेला होता. चांगलं कातडं आता शहराबाहेरच्या बकऱ्यांच्या बाजारातच मिळणार होतं. तिथे हाजींच्या मुलखातली काही माणसं कामाला होती.

"मी आणतो," अब्बा म्हणाले.

"तू लाकूड बघ. मागे बकऱ्याचं म्हणून मेंढीचं आणलंस."

"रस्त्यात दोन नाके हायत, हाजी."

"येताना मेंढरांच्या गाडीत मागे बसेन. मेंढरांना कोण इकामा विचारतो?"

अब्बा हसले नाहीत. म्हणाले, "जाऊ दे. तिला सांगतो, जमलं नाय म्हणून."

हाजींनी मान हलवली. ते आधी भरभर अरबीत काहीतरी म्हणाले. मग अब्बांना कळावं म्हणून तेच हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "इथे माझ्या नावाचं काही नाही. घर नाही, कागद नाही. ढोल आहेत. मुका ढोल मी समुद्रापार पाठवणार नाही. आणि डोळे गेलेत का, ते मला बघायचंय."

मी तिथेच बसलो होतो, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. डोळे गेले नाहीत हाजी, कातडं चांगलं होतं, तेल मी लावलं. एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंही. हाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "काय, मास्तर?" ते मला मास्तर म्हणायचे. मी म्हणालो, "मी येऊ तुमच्याबरोबर?"

"तू अभ्यास कर," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी नमाजानंतर ते निघाले. मायने भाकरी बांधून दिली. त्यांनी अब्बांची जुनी इस्त्रीची पँट घातली होती, रोज कामाला जाणाऱ्या माणसासारखं दिसावं म्हणून. ती त्यांना आखूड होत होती. जिन्यात ते मला म्हणाले, दोरी सोडवून ठेव, आल्यावर वेळ जायला नको. मी बसून सगळ्या गाठी सोडवल्या. दुपार झाली, असरची बांग झाली. कातडं निघालेला ढोल उघड्या तोंडाने खोलीच्या मध्यावर उभा होता. मगरिबला, दिवस बुडताना, चौकीदार वर आला आणि दारातूनच म्हणाला, दुसऱ्या नाक्यावर धरलं.

अब्बा पाच दिवस तरहीलच्या चकरा मारत होते. ज्यांना देशाबाहेर काढायचं त्यांना तिथे ठेवतात. सहाव्या दिवशी जाळीतून त्यांची भेट झाली. परत आले तेव्हा अब्बांनी बराच वेळ चपलाही काढल्या नाहीत. मग सांगितलं, हाजींच्या हातात बाजारातलं कातडं होतं, गुंडाळी करून बगलेत. ते जाळीला लावून, कुठे डाग नाही हे त्यांनी अब्बांना उजेडात दाखवलं. पण ते बाहेर देऊ देईनात. त्यांनी विचारलं, बाई गेली का? अब्बा म्हणाले, गेली, ढोल घेऊन गेली, चांगला वाजत होता, उन्हात ठेवल्यावर मोकळा झाला. हाजी म्हणाले, "मग हे कशाला आणलं मी?" आणि हसले.

नर्स शनिवारी रिकाम्या हाताने गेली होती.

तेव्हा मी अब्बांना सांगितलं.

"किती लावलंस?"

"दोन बोटं. मग आणखी दोन."

"का?"

"फाटंल म्हणून."

ते उठले आणि तोंड धुऊन आले. म्हणाले, "हे त्याला सांगायला पायजे. मी चांगला वाजतो म्हणून सांगून आलो. तो आता समजंल, आपले डोळे तर गेलेच, कानपण गेले." मला ते लगेच कळलं नाही. अब्बांना असं म्हणायचं होतं, की मेलेलं कातडं उन्हाने जिवंत होत नाही हे हाजींना ठाऊक होतं; मग ढोल मुका नव्हताच, आपल्यालाच तसा ऐकू आला, असं ते समजले असणार. ते हसले ते त्यामुळे.

दुसऱ्या दिवशी जायचं ठरलं. त्या पहाटे युद्ध सुरू झालं. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या म्हणून इस्पितळाने अब्बांना चार दिवस सोडलं नाही. पाचव्या दिवशी आम्ही दोघं गेलो. रांगेत मी वाक्य पाठ करत होतो, अरबीत, मोडकंतोडकं. कातडं चांगलं होतं, डोळे चांगले आहेत, चूक माझी. खिडकीतल्या शिपायाने यादी पाहिली आणि म्हणाला, आफ्रिकेचे सगळे गेले. कुठे? त्याने हात हलवला. जहाजाने की विमानाने, गिनीला की मध्येच कुठे, तेही कळलं नाही. अब्बांनी पुढे दोनदा चौकशी केली. हाजींच्या गावाचा पत्ता आम्ही कधी विचारलाच नव्हता. गच्चीवर राहतात, एवढाच त्यांचा पत्ता आम्हाला ठाऊक होता.

मी उन्हाळ्यात परत आलो आणि पहिल्या वर्षाला पुन्हा बसलो. आता शेवटच्या वर्षाला आहे. अब्बा गेल्या वर्षी नोकरी संपवून घरी आले तेव्हा बिनकातड्याचा ढोल बरोबर घेऊन आले. विमानतळावर विचारलं तेव्हा त्यांनी तांदळाचा डबा असं सांगितलं. मायने त्याला खाली फळी ठोकून घेतली आणि आता त्यात खरंच तांदूळ असतात. अब्बा घरी लाकडाला हात लावत नाहीत. वाकस माळ्यावर आहे. मी रत्नागिरीहून गेलो की माय मला तांदूळ काढायला सांगते. आत हात घातला की वाकसाच्या घावांचे खळगे लागतात, हाजींना आवडायचे तसे, एकसारखे. मी तांदूळ काढतो आणि झाकण लावतो. अजूनही कुणी काही विचारलं तर अब्बा म्हणतात, त्याला इचार. मी आता बहुतेक वेळा, मला माहीत नाही, असंच सांगतो.