तळाचं प्लास्टिक

आदिलाबादेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीला आणि घरमालकीण काकूंच्या झोपायच्या खोलीला भिंत एकच. दुपारी जेवण आटोपून काकू आडव्या झाल्या की नेमका माझा जुना कॉम्प्युटर किंचाळायला लागे. मे महिना, वर पत्रे. पडद्यावर प्रोसेसरचं तापमान पंच्याण्णव दिसायचं. इतका तापला की तो स्वतःला वाचवायला काम सावकाश करतो आणि त्याच्यावरचा पंखा मात्र जीव तोडून फिरतो. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिथंच अडायचा.

"रविवारपर्यंत हे गिरनी बंद कर, नाई तं खोली खाली कर," काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या.

मला त्या आवडत नव्हत्या, अजूनही आवडत नाहीत. पण बाबांनी मला शहरात ठेवलं ते या एकाच घराच्या ओळखीवर. खोली गेली असती तर मी परत बेला मंडलातल्या आमच्या गावी, भेंडी तोडायला. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. दुसरी खोली बघू असं तिथं कुणाला सुचलं नसतं.

मी तीन दिवस वाचत बसले. सगळं कळलं असं म्हणणार नाही. पण एवढं समजलं की लहान पंख्याला फार वेगानं फिरावं लागतं म्हणून तो ओरडतो, मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा देतो. म्हणून मोठ्या पंख्याचा, पत्र्याच्या पातळ पानांचा उंच कूलर आणला. तो प्रोसेसरवर बसवायचा, म्हणजे उष्णता वर ओढून घेतो. दुकानदार बसवून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. त्याच्या हातात माझी मशीन द्यायची नव्हती.

खोलीवर येऊन मी प्रोसेसर आणि कूलरच्या मधे उष्णता पोचवणारा लेप लावला, स्क्रू आवळले, कॉम्प्युटर चालू केला. तापमान अठ्ठ्याण्णव. आवाज आधीपेक्षा जास्त. पलीकडून भिंतीवर तीन थापा पडल्या.

शनिवारी मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट ऑटोत घालून दुकानात नेलं. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. वर्गात हात वर करायला मी घाबरते, पण तिथं सगळ्यांसमोर म्हणाले की खेड्यातली पोरगी पाहून तुम्ही खराब माल दिला. दुकानदारानं कूलर काढून उलटा केला आणि तळावरची पारदर्शक पट्टी नखानं सोलली. लेप सगळा तिच्यावरच होता.

"ये निकालना पड़ता है," तो म्हणाला. "कॉलेज में पढ़ती हो ना?"

ती पट्टी मी पाहिली होती. आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटवर, बाबांच्या गाडीच्या सीटवर, खुर्च्यांच्या पाठीवर दुकानातलं प्लास्टिक अजून आहे. ते ओढलं की आई हातावर मारायची. धातूला धातू टेकल्याशिवाय उष्णता नीट जात नाही हे मी वाचलं होतं, तरी नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायला माझा हात गेला नाही.

मागं कुणीतरी हसलं. दुकानदारानं ती पट्टी काउंटरच्या काचेवर चिकटवली, नवा लेप लावला, कूलर बसवून दिला. माफी मागायला हवी होती. मी मागितली नाही.

रविवारी दुपारी खोलीत आवाज नव्हता. तापमान बासष्ट. काकू आल्या.

"बंद हाय का?"

"नाही काकू, चालू आहे."

त्यांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला, बराच वेळ. "आवाज होता तवा चालू-बंद समजत तरी होतं. आता तू दिवसभर करंट जाळशीन, मले काय पत्ता लागन?"

पण मुदत आवाजाची होती, आणि आवाज नव्हता. खोली राहिली. आता काकू रोज दुपारी झोप सोडून येतात, न विचारता कॅबिनेटवर हात ठेवतात आणि काही कळत नाही म्हणून तशाच उभ्या राहतात. मी टायपिंग थांबवत नाही.