न बोलायची तालीम

लीलावती करंबेळकर रंगमंचावर कधी आली नाही. पण टाउनशिपच्या महाराष्ट्र मंडळात तिच्याशिवाय नाटकही कधी झालं नाही.

लग्न होऊन ती भोपाळला आली तेव्हा नवरा अच्युत कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होता. त्या साली गणपतीतल्या नाटकात नायिका मध्येच गप्प झाली, आणि विंगेत चहाची किटली धरून उभ्या असलेल्या या नव्या सूनबाईने तिला पुढचं वाक्य पुरवलं. चहा देता देता तिने सगळ्या तालमी ऐकल्या होत्या, आणि एकदा ऐकलेलं तिच्या डोक्यातून जात नसे. तेव्हापासून ती मंडळाची प्रॉम्प्टर. पुढे क्वार्टर सुटलं, सोनागिरी वसाहतीत स्वतःचं घर झालं, मंडळात मराठीपेक्षा हिंदीच जास्त ऐकू यायला लागली. पण विंगेतलं स्टूल आणि हॉलच्या किल्ल्या तिच्याकडेच राहिल्या.

समोरचा अडखळला की हिचा जीव गुदमरायचा. सत्यनारायणाला गुरुजी थांबले तरी ही पुढचा शब्द पुटपुटायची.

"यमदूत दारात येऊन माझं नाव विसरला, तर तू सांगशील त्याला," अच्युतराव म्हणायचे.

"सांगेन. आडनावासकट सांगेन."

गेल्या हिवाळ्यात इंदूर, ग्वाल्हेर आणि भोपाळची तीन मॅनेजमेंट कॉलेजं एकत्र आली. उद्या कंपन्या चालवणार ती पोरं, त्यांना हवामानाचं काही कळावं, म्हणून तिन्हींनी मिळून वर्ग चालवला. शेवटची परीक्षा म्हणजे लुटुपुटीची वाटाघाट. एका कल्पित गावात कोळशावर चालणारा जुना बॉयलर आहे, तो कधी बंद करायचा? एक कॉलेज कंपनी झालं, दुसरं सरकार, तिसरं कामगारांची वस्ती. जागा मंडळाच्या हॉलची.

कंपनीच्या बाजूने बोलणार होती कांचन, लीलावतीच्या नणंदेची मुलगी. घर उज्जैनला, कॉलेज इंदूरचं; इथे ती मामीकडेच उतरली होती. तिन्ही कॉलेजांतून मोजकी पोरं निवडून त्यांना पुढचं वर्षभर मोठ्या कंपनीत असे जुने बॉयलर बंद करायचं काम शिकवणार होते.

"मामी, मला ही सीट पाहिजेच. नाही तर बाबा साड्यांच्या दुकानात बसवणार. एकदा तिथे बसले की मी खतम."

"होईल गं. लहानपणी मंडळाच्या नाटकात सशाचं काम किती झ्याक केलं होतंस."

"ते तू विंगेतून सांगत होतीस म्हणून!"

आदल्या दिवशी तिन्ही गटांनी हॉलच्या तीन कोपऱ्यांत तालीम केली. लीलावती चहा घेऊन फिरत होती. कंपनीच्या गटाचं म्हणणं पंधरा वर्षांचं. खरं तर आठ वर्षांत जमण्यासारखं होतं, पण ते शेवटपर्यंत बोलायचं नव्हतं. "वैसे आठ में हो जाएगा, पर आठ का नाम नहीं लेना," पोरं एकमेकांना बजावत होती, पुन्हा पुन्हा. सरकारच्या गटाला बॉयलर लवकर बंद झाल्यास कर माफ करता येत होता. तेही बोलायचं नव्हतं. लीलावतीने ऐकलं. पण जी गोष्ट बोलायची नाही तिची कुणी तालीम करतं, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी विंगेत स्टुलावर बसली. कांचन उठली. "हमें पंद्रह साल चाहिए, क्योंकि..." आणि थांबली. समोर परीक्षक सक्सेना मॅडम, मागे तीन कॉलेजं. एक क्षण, दोन क्षण. लीलावती स्टुलावरून पुढे झुकली.

"वैसे आठ में हो जाएगा," विंगेतून आवाज आला.

"वैसे आठ में हो जाएगा," कांचन म्हणाली. सशाच्या वेळेपासूनची सवय. आवाज मामीचा, म्हणजे वाक्य बरोबर.

सरकारचा पोरगा आ वासून उभा. तोही अडकलाय असं वाटून लीलावतीने त्यालाही पुरवलं, "तो टैक्स माफ." गडबडलेला तो तेच बोलून बसला. वस्तीच्या पोरीला मग सांगावं लागलं नाही. ती आपणहून म्हणाली, "आठ साल में हमें दूसरा काम सिखा दो, हम राज़ी हैं." दिवसभराची वाटाघाट चहाच्या आधी आटोपली.

"यह तो निगोसिएशन हुआ ही नहीं," सक्सेना मॅडम म्हणाल्या. "दोपहर में फिर से होगा."

कांचन पाय आपटत विंगेत आली. "मामी, काय केलंस हे!"

"अगं, तुमचंच वाक्य..."

"ते बोलायचं नव्हतं!"

"मग पाठ कशाला केलंत? आणि तिघंही राजी झाले ना? मग बिघडलं कुठे?"

"तुला नाही कळायचं. तू बाहेर बस. प्लीज."

लीलावती किल्ल्या घेऊन बाहेर पायरीवर बसली. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. कुणी कुणाला काही कळू दिलं नाही. पंधरा, पंधरा, पंधरा. मग कांचन त्याच जागी पुन्हा अडखळली. लीलावतीने पदराचा बोळा तोंडात धरला. आत शांतता लांबली, इतकी की समोरच्या रस्त्यावरच्या स्कूटी ऐकू आल्या. मग कांचनचा आवाज आला, कोरडा, सरळ: "पंद्रह से कम नामुमकिन है."

ऊन कललं तरी करार झाला नाही. कल्पित गावातला बॉयलर चालूच राहिला. कांचनची निवड झाली. ठाम राहिली म्हणून सक्सेना मॅडमनी तिचं नाव पहिलं घेतलं.

घरी अच्युतरावांनी पेढे आणले. "म्हणजे भट्टी बंद करायला शिकायचं, म्हणून भट्टी चालू ठेवणारी पोरगी निवडली?"

"तुम्ही गप्प बसा, पेढा खा," लीलावती म्हणाली. तिला आनंद झाला होता. नक्की झाला होता. फक्त सकाळी काय चुकलं आणि दुपारी काय बरोबर झालं, ते काही केल्या जुळत नव्हतं.

कांचनने पेढा हातातच धरला होता.

"मामी, दुपारी मी थांबले ना, तेव्हा विंगेकडे बघितलं."

"अगं, तूच मला बाहेर बसवलंस."

"हो. तरी बघितलं." तिने पेढा परत बशीत ठेवला. "तू असतीस, तर काय सांगितलं असतंस?"

लीलावतीने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला पुढचं वाक्य सुचलं नाही.