आईने बंद केलेलं अ‍ॅसिड

चिखलोलीतल्या आमच्या इमारतीपर्यंत गटाराची लाइन अजून पोचलेली नाही. सगळ्या घरांचं सांडपाणी मागच्या सेप्टिक टाकीत जातं आणि तिथून शोषखड्ड्यात मुरतं. आम्ही तळमजल्यावर. खड्डा तुंबला की काळं पाणी आधी आमच्या बाथरूमच्या जाळीतून वर येतं. गेल्या दिवाळीत ते जावयासमोर आलं. यंदा बहिणीला दिवस गेले, तेव्हा तिच्या सासूबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाळंतीण त्या घरात नको."

पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, असं आईने त्याच दिवशी ठरवलं.

वडील आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत आहेत. दर दिवाळीआधी ते तिथून अ‍ॅसिडचे कॅन आणत आणि मजल्यामजल्यावर वाटत. दुकानातलं म्हणजे नुसतं पाणी, कंपनीचं तेच खरं, अशी इमारतीची पक्की समजूत. ओतलं की लादी पांढरी. साफसफाईच्या आठवड्यात घराघरातून ते टाकीत जाई.

पावसाळा संपल्यावर सोसायटीने टाकी उपसली, शोषखड्डा दगड-विटांनी नव्याने भरून घेतला. ठेकेदाराला मी तुंबण्याचं कारण विचारलं. टाकीतले जंतू मैला कुजवतात. अ‍ॅसिड, फिनाइल भरमसाट गेलं की ते मरतात आणि न कुजलेला गाळ खड्ड्यात जाऊन बसतो, असं तो म्हणाला. मी ते घरी सांगितलं.

वडील हसले. "जंतू मारायलाच तर अ‍ॅसिड ओततात. आता काय पाळायचे?"

"पाळायचे," आई म्हणाली. "उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागतं का? यंदा कॅन आणायचा नाही."

"लोकांना काय सांगू?"

"सांगा, बायको आणू देत नाही."

मग ती सोडा, साबण आणि ब्रश घेऊन एकेक दार वाजवत वर गेली. बहुतेकींनी मान्य केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे मात्र जुना अर्धा कॅन शिल्लक होता.

"ताई, ब्रशने कुठे डाग जातात? माझ्याकडे पाहुणे यायचेत."

"माझ्याकडे तर मुक्कामाला यायचेत," आई म्हणाली. "सरका. मी घासते. नाही निघाले तर खुशाल ओता."

तिने बसून सगळा संडास घासला. कोपऱ्यातला एक पिवळा डाग तरीही राहिला. काकूंनी डागाकडे पाहिलं, आईच्या लाल झालेल्या हातांकडे पाहिलं आणि कॅन बाहेर आणून ठेवला. "न्या बाई. आता हट्ट पुरे." वडिलांनी तो दुसऱ्या दिवशी कंपनीत परत नेला.

भाऊबीज झाल्यावर सासूबाई स्वतः बहिणीला घेऊन आल्या. चहाआधी त्या बाथरूममध्ये गेल्या. एक बादली ओतली, मग दुसरी. आई दारात उभी होती. पाणी गोल फिरत जाळीत उतरलं. सासूबाई थोडा वेळ तशाच वाकून बघत राहिल्या.

मग बाहेर येऊन पदराला हात पुसत बहिणीला म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? ठेव ती बॅग आत."