दोन्ही पट्ट्या उजव्याच

ऐका, पण मधेच हसू नका. मी आधीच दमलेली बाई आहे, आणि या किश्श्यात माझी बाजू घ्यायला कुणीच नाही.

लातुरात आमच्या ह्यांची वरातीची गाडी आहे. जुन्या जीपवर पत्रा चढवून केलेली, सिनेमातल्या विलायती मोटारीसारखी उघडी, बुटकी. पुढं हे चालवणार, मागं नवरा-नवरी. दिसते झोकात, पण मागच्या दोन्ही मडगार्डवरच्या चकचकीत पट्ट्या गंजून सुटल्या होत्या. मागच्याच लग्नात एका नवरीचा शालू त्यात अडकून फाटला.

आणि आता लग्न होतं नांदेडला, माझ्या थोरल्या नणंदेच्या लेकीचं. या आक्कांना माझं एकही काम आजवर पसंत पडलेलं नाही. बावीस वर्षं झाली. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "गाडी आणा, पण चारचौघांत दाखवण्यासारखी आणा."

आदल्या दिवशी आम्ही दोघांनी पट्ट्या काढल्या. काढताना त्यांचे तुकडेच झाले. बाजारात तसल्या मिळत नाहीत, कारण तसली गाडीच दुसरी नाही.

"मापाला एक तरी आख्खी निघायला पाहिजे होती," म्हणत हे डोकं धरून बसले.

"मग मी कशाला हाय?"

घरी ब्लाऊज शिवते मी. उजव्या मडगार्डवर वर्तमानपत्र ठेवलं, बोटानं दाबत वळण उमटवलं आणि कात्रीनं कापलं. बाहीसारखं सुरेख निघालं.

ग्रील बनवणारे रफिकभाई तो कागद उलटसुलट करून बघत राहिले.

"भाभी, एकच कागद? दुसऱ्या बाजूचा?"

"दोन्ही बाजू सारख्याच की. अशाच दोन करा."

"बघा हां. स्टील एकदा कापलं की कापलं."

"भाई, जिंदगी गेली माझी बाह्या कापण्यात. एका कागदात दोन्ही निघतात."

ते बिचारे कागद घेऊन कामाला लागले. जिंदगीपुढं माणूस काय बोलणार?

संध्याकाळी पट्ट्या आल्या. चकाकी अशी, की तोंड बघावं. उजवी बसली, जशी काही गाडीबरोबरच जन्मली. डावी लावायला हे गेले, तर तिचं वळण खाली जायच्या ऐवजी आभाळाकडं. उलटी केली, तर दुमडलेली कड बाहेर आणि चकाकी आत.

दोन्ही उजव्याच होत्या.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कापड मी दुहेरी घडी घालून कापते, म्हणून डावी-उजवी आपोआप निघते. रफिकभाईंना फोन लावला.

"भाभी, स्टीलला घडी घालता येत न्हाई," ते हळूच म्हणाले. "आन तेवढा पत्राबी संपला."

हे आपला फोन घेऊन अंगणात गेले.

नांदेडला वरात निघाली, तशी मी गाडीच्या डाव्या अंगाला. अंतरपाट धरावा तसा दोन्ही हातांनी पदर पसरून, त्या बोडक्या मडगार्डसमोर. गाडी थांबली की मी थांबायची, चालली की चालायची. बँडवाल्यानं बाजूला व्हा म्हटलं. फोटोवाल्यानं तर हात जोडले. मी हलले नाही. पाय सुजले, हात भरून आले, पण आक्कांच्या नजरेला ते मडगार्ड पडू दिलं नाही.

वरात संपल्यावर आक्का स्वतः माझ्यापाशी येऊन बसल्या.

"पट्टी एकच बसली, हे तुझ्या नवऱ्यानं मला कालच फोनवर सांगितलंय," आक्का म्हणाल्या. "त्याचं काय न्हाई गं. पण पोरगी डाव्या अंगाला बसली होती. एका फोटोत तरी माझ्या लेकीचं तोंड दिसू द्यायचंस."