मामलेदारांसाठी दवाखाना

त्रिशला आडवी झाली आहे ती झोपायला नव्हे. जरा पाठ टेकायची, पंख्याकडे बघत विचार करायचा आणि उठून पुन्हा फोन हातात घ्यायचा, असं तिनं ठरवलंय. पण कालची रात्र तिनं मामलेदारांच्या उशाशी बसून काढली आहे. टळटळीत दुपार आहे, बाहेर भंगारवाल्याची आरोळी लांब लांब जाते आहे, आणि झोप काही कुणाला विचारून येत नाही.

मामलेदार म्हणजे बोका. पांढराशुभ्र, एका कानावर काळा डाग, आणि चाल अशी की गल्लीत वसुलीलाच निघाला आहे. नाव ठेवलं त्रिशलाच्या थोरल्या जावेनं, राजमतीअक्कांनी. त्यांच्या धाकानं अख्खी गल्ली बोक्याला अहो-जाहो करते. सांगलीतल्या जैनाच्या घरचा बोका. घरात दूधभात खायचा, बाकीचं आपलं आपण बाहेर बघायचं आणि घरी येताना तोंड पुसून यायचं, असा अक्कांनी त्याच्याशी करार केलेला. त्या अक्का दिवाळीआधी गेल्या. जाताना दागिन्यांचं बोलल्या नाहीत, जमिनीचं बोलल्या नाहीत. त्रिशलाचा हात धरून म्हणाल्या, "मामलेदारांना बघ."

आणि मामलेदारांनी कालपासून अन्नाला तोंड लावलेलं नाही. मागच्या गॅलरीत रेतीचं घमेलं आहे, त्यात जाऊन बसतात, कुंथतात, वेड्यासारखे ओरडतात, उठतात, पुन्हा जाऊन बसतात. पोट साफ होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. त्रिशलानं घरच्या रिवाजाप्रमाणे चमचाभर एरंडेल पाजलं. पोटदुखीपासून परीक्षेच्या भीतीपर्यंत या घरात अक्कांचं ते एकच औषध. मामलेदार ओकले, बाकी काही झालं नाही.

मग दवाखाना शोधायची वेळ आली आणि त्रिशलाचं घोडं अडलं. या घरात आल्यापासून तिनं एकटीनं काही ठरवलेलं नाही. आमटीत मीठ घालतानासुद्धा ती अक्कांकडे बघायची, आणि अक्का सगळ्यांसमोर तिची थट्टा करायच्या. आता विचारायला अक्का नाहीत, तर तिनं बाकी सगळ्यांना विचारलं. पुण्याहून लेकीनं काचेचा नवा दवाखाना सांगितला, त्याला लोकांनी भरभरून तारे दिलेत म्हणून. नवऱ्यानं, सुकुमारनं, दुकानात बसूनच आपल्या म्हशींच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं मिरजेच्या कुणा मुजावरबाईंचा नंबर दिला. तिनं सकाळी तिन्हीकडे फोन केले, तिघांशी बोलली, आणि एक ना धड, भाराभर चिंध्या अशी गत झाली. शेवटी लेकीचं ऐकून काचेच्या दवाखान्यात उद्या सकाळची वेळ घेतली. घेतली खरी, पण जीव टांगणीलाच आहे. मामलेदार उद्यापर्यंत तग धरतील का, हे ती कुणाला विचारत नाही.

पंखा फिरतो. मग पंख्याचा आवाज शेंगा फोडल्यासारखा येऊ लागतो.

अक्का स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसल्या आहेत. अंगावर तीच हिरव्या काठाची इरकल, मांडीवर मामलेदार. अक्का गेल्यात हे त्रिशलाला पक्कं माहीत आहे, आणि तरी त्या इथं आहेत यात तिला काहीच वावगं वाटत नाही. तिला एवढंच वाटतं की बरं झालं, आता विचारता येईल.

"झोपलीस व्हय गं?" अक्का म्हणतात.

"नाही हो अक्का. नुसती पाठ टेकली." आणि मग तिचं तोंड जे सुटतं ते सुटतंच. काचेचा दवाखाना, म्हशींचे डॉक्टर, मुजावरबाई, एरंडेल, सगळं ती सांगून टाकते. "तुम्हीच सांगा, कुठं नेऊ?"

"मला काय विचारतीस? मी मेलेली बाई." अक्का टरफलं सुपात टाकतात. "चल, बघून येऊ."

त्रिशला उठायला पाटावर हात टेकते तर हाताखाली मऊ खुर्ची लागते. चहूबाजूंनी काचा. गार वारा, गुलाबपाण्याचा वास. लग्नात दारात उभ्या असतात तशी नटलेली एक मुलगी हसून स्वागत करते, मामलेदारांची जन्मतारीख विचारते, कूळ विचारते, एक फोटो काढू का विचारते. ती इतकी गोड आहे की तिच्यावर रागावता येत नाही. त्रिशला विचारते, डॉक्टर कधी येतील? मुलगी म्हणते, उद्या. पाणी मिळेल का? उद्या. भिंतीवरच्या घड्याळातसुद्धा काटे नाहीत, नुसतं उद्या लिहिलेलं आहे. अक्कांच्या मांडीवर मामलेदार वरवंट्यासारखे जड होत चालले आहेत.

"बरं आहे की," अक्का म्हणतात. "लग्न करायचं असलं तर."

त्रिशलाला हसू येतं, आणि हसता हसता ती पेंडीच्या पोत्यावर बसलेली असते. हा म्हशींच्या डॉक्टरांचा दवाखाना. इथं खुर्च्यांवर कुत्री ऐसपैस बसली आहेत आणि त्यांचे मालक खाली साखळीला बांधलेले आहेत. डॉक्टर धिप्पाड आहेत, कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या, सुकुमार म्हणतो तसेच हातगुणाचे दिसतात. मामलेदारांना लांबूनच बघून ते सांगतात की बोका म्हणजे तरी काय, बारकं कुत्रंच की. कुत्री एकदम भुंकतात आणि मामलेदार अक्कांच्या पदरात शिरून दिसेनासे होतात.

"अक्का, तिसरा दाखवा," त्रिशला म्हणते. तिला आता रडू फुटायला आलं आहे.

"तूच दाखव. फोन तू केलास."

त्रिशला दार उघडते. ते त्यांच्याच घराच्या गॅलरीचं दार आहे, कडी तीच, खालचा फुगलेला कोपरा तोच. पण बाहेर गॅलरी नाही. बाहेर कृष्णेचा घाट आहे.

आणि कृष्णेला पाणी नाही. पायऱ्या उतरत जातात, जिथं नदी असायची तिथं नुसती रेती, पार पलीकडच्या काठापर्यंत. मधोमध मामलेदार एवढेसे दिसत आहेत. ते एक खड्डा उकरतात, बसतात, कुंथतात, उठतात, पुढं जाऊन दुसरा उकरतात. सगळा तळ खड्ड्यांनी भरला आहे.

"एरंडेल कशाला पाजलंस गं?" अक्का विचारतात.

"तुमचंच औषध की ते."

"व्हय. मी असते तरी तेच पाजलं असतं." अक्का हे अगदी सरळ सांगतात, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्रिशलाला कळतं की अक्कासुद्धा चुकतात. त्या वाकून मूठभर रेती उचलतात, तिच्या तळहातावर ओततात आणि तिची बोटं आपल्या हातानं मिटतात. हात उबदार आहे. "काय आहे सांग."

"रेती."

"ते मला बी दिसतंय. कशी आहे?"

त्रिशला मूठ दाबते. रेती भरड आहे, बोटांच्या फटींतून झरझर गळते, चिकटत नाही. कुठंतरी फोन वाजतो आहे. नदीच्या त्या काठावरून एक बाई शांतपणे विचारते आहे, आणि त्रिशला तो आवाज ओळखते, कारण सकाळी तिनं तो ऐकला आहे. तिघांपैकी या एकीनंच तो प्रश्न विचारला होता: शेवटची लघवी कधी झाली? आणि त्रिशलानं, बोक्याच्या लघवीची चौकशी फोनवर कसली करायची म्हणून लाजून, गॅलरीत न डोकावताच सांगून टाकलं होतं की होते की, होते.

"अक्का, ही कोरडी आहे," ती म्हणते. "सगळी कोरडी आहे. पोट नाही, लघवी अडलीय."

अक्का काही बोलत नाहीत. बऱ्याच वर्षांपूर्वी त्रिशलाच्या पहिल्या पुरणपोळीचा घास घेऊन त्या अशाच गप्प राहिल्या होत्या, आणि मग त्यांनी दुसरी वाढून घेतली होती.

"मग कुठं न्यायचं?" अक्का विचारतात.

"जिनं विचारलं तिच्याकडे," त्रिशला मोठ्यांदा म्हणते, आणि स्वतःच्या आवाजानं जागी होते.

पंखा फिरतो आहे. भंगारवाला अजून गल्लीच्या टोकाशीच आहे. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली आहे, आणि त्रिशला ती उघडते तेव्हा तळहातावर रेती असते. भरड, कोरडी ठणठणीत. घमेलं आणि मामलेदार गॅलरीत आहेत, गॅलरीच्या दाराला आतून कडी आहे. आता ही रेती आली कुठून, यावर विचार करायला पुढं उभं आयुष्य पडलं आहे. त्रिशला तो विचार तिथंच ठेवते आणि रेती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधते. कडी काढते, घमेल्यात हात घालते, तळापर्यंत. कुठंही ओल नाही.

ती लेकीला फोन करत नाही, सुकुमारला करत नाही. मिरजेला करते. "सकाळी मी न बघता सांगितलं," ती म्हणते. "लघवी कालपासून झालेली नाही. मी येतेय."

"लगेच या," पलीकडून उत्तर येतं. "मी टेबल तयार ठेवते."

भाजीच्या झाकणाच्या टोपलीत अक्कांची जुनी इरकल घडी करून घातलेली, तिच्यावर मामलेदार, आणि रिक्षावाल्याला सांगितलेलं की खड्डे चुकव, आत साहेब आहेत. दवाखाना दोन खोल्यांचा आहे. कुत्री पुढच्या दारानं येतात, मांजरं मागच्या. डॉक्टर मुजावर त्रिशलाच्या लेकीच्या वयाच्या. त्या पोटाला हात लावतात आणि त्यांचा चेहरा बदलतो. मूत्राशय लिंबासारखं टणक झालंय, त्या म्हणतात, उद्यापर्यंत हे राहिले नसते. गुंगीचं औषध, बारीक नळी, एक मदतनीस बाई दिवा धरून. त्रिशला भिंतीला टेकून पदराची गाठ हातात धरून उभी आहे. तिच्या ओठांवर णमोकार मंत्र आहे, अर्ध्यातच थांबतो आहे, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आहे.

मग स्टीलच्या भांड्यात आवाज होतो. आधी थेंब, मग धार, आणि धार थांबतच नाही. डॉक्टर भांडं तिच्यापुढं धरतात. तळाशी बारीक कणी साठली आहे, रेतीसारखी. हेच अडलं होतं. त्रिशला हसते, डोळे पुसते, पुन्हा हसते. बोक्याची लघवी बघून एवढा आनंद झालेली बाई त्या मदतनीस बाईंनी आजवर पाहिलेली नसावी.

मामलेदार दवाखान्यात मुक्काम करून, सगळ्यांना एकदा ओरबाडून, वाजतगाजत घरी येतात. सोबत पाणी भरपूर पाजायची ताकीद आहे, आणि एरंडेलाची बाटली त्रिशलानं परस्पर मोरीत रिकामी केली आहे. पुण्याहून फोन येतो. लेक चकित झालेली आहे. तिकडं कशी गेलीस, कुणी सांगितलं, कुणाला विचारलंस?

"कुणालाच नाही," त्रिशला म्हणते.

सकाळी ती गॅलरीचं दार उघडते. मामलेदार घमेल्यातून रुबाबात उतरतात आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता पाय झटकत जातात. त्या दिवसापासून जपलेली पदराची गाठ ती सोडते, ती मूठभर कोरडी रेती घमेल्यात परत ओतते आणि मामलेदार बसले होते तिथं बोट टेकवते.

"अहो, इकडं या," ती सुकुमारला हाक मारते. तो तोंडात ब्रश घेऊन दारात येतो आणि वाकून बघतो. रेती ओली आहे.